दर्या आणि दऱ्या

दर्या आणि दऱ्या हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आमच्या दापोली तालुक्यातल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. हर्णैच्या बंदरावर उभे राहिले की समोर दर्या असतो, आणि पाठ फिरवून खेडच्या वाटेला लागले की वळणावळणाला दऱ्या लागतात. असे असूनही, हाच फरक संगणकाला शिकवायला आलेल्या एका माणसाला मी काही वर्षांपूर्वी परत पाठवले. तेही मोठ्या आत्मविश्वासाने, सर्वांदेखत, आणि ज्या भाषेत पाठवले ती आज वाचताना मला स्वतःला ओशाळे वाटते.

मराठी मजकुरात शब्द शोधण्यासाठी आम्ही काही जणांनी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आहे. तिचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे, तिच्यावर कुणाचे पोट नाही, आणि नोकरीचे काम आटोपल्यावर रात्री जेवढा वेळ मिळेल तेवढाच तिच्या वाट्याला येतो. मी तिची मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारी, आहे. बाहेरचा कुणी दुरुस्ती सुचवतो, म्हणजे पुल रिक्वेस्ट पाठवतो, तेव्हा ती ओळ न् ओळ वाचून स्वीकारायची की सुधारायला सांगायची हे ठरवणे माझ्याकडे असते. या वाचनाला रिव्ह्यू म्हणतात. कोड कसा वाचावा हे मला नोकरीत शिकवले गेले होते. वाचल्यावर लिहिणाऱ्याशी कसे बोलावे हे मात्र कुणी शिकवले नव्हते, आणि ते शिकायचे असते असेही मला वाटत नव्हते.

घडले ते असे. ‘दऱ्या’मधला र डोक्यावर रफार होऊन न बसता शेजारच्या अक्षराला आडवा चिकटतो. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याची जी युनिकोड नावाची पद्धत आहे, तिच्यात तो दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत ०९३१ क्रमांकाचा, खाली टिंब असलेला ऱ वापरतात आणि त्याला हलन्त जोडून पुढे य लिहितात. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, त्यानंतर २००डी क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह आणि मग य येतो. या चिन्हाला झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, म्हणतात. त्याला स्वतःची रुंदी नसते, ते फक्त आजूबाजूच्या अक्षरांनी कसे जुळावे ते सांगते. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या दिसतात. आतले आकडे मात्र वेगळे असतात, आणि शोध घेणारा प्रोग्रॅम आकडेच पाहतो.

आमच्या लायब्ररीची पहिली पायरी मी स्वतः लिहिली होती. मजकूर हाती आला की त्यातली सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकायची, कारण इकडून तिकडून उचललेल्या मजकुरात असला कचरा पुष्कळ येतो. कचऱ्याबरोबर तो जोडकही जात होता. र, हलन्त आणि य एवढेच उरले की रफार डोक्यावर चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. माझ्या हे लक्षात आले नव्हते. त्या माणसाच्या लक्षात आले होते.

त्यांच्या दुरुस्तीत दोन भाग होते. एका ओळीत युनिकोडचे चार-पाच क्रमांक होते आणि सोबत खुलासा काहीच नव्हता. दुसरा भाग चाचणीचा, म्हणजे दुरुस्ती नीट चालते का ते तपासणाऱ्या कोडचा होता, आणि त्या चाचणीत लिहिले होते की ‘दऱ्या’ हा शब्द दिला असता उत्तर ‘दऱ्या’ असे यावे. मी पहिल्या भागाखाली लिहिले, ‘हे आकडे कुठून आले?’ दुसऱ्याखाली लिहिले, ‘ही चाचणी एका शब्दाची त्याच शब्दाशी तुलना करते. पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा वाचून पाहण्याची पद्धत आहे.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘माफ करा सर, चूक झाली.’ आणि त्यांनी पुल रिक्वेस्ट बंद करून टाकली. माझे खात्यावरचे नाव आद्याक्षरांचे असल्यामुळे मला ‘सर’ म्हटले जाणे नवे नव्हते. मी ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडले नाही. एक काम कमी झाले एवढेच मला वाटले.

सहाएक महिन्यांनी एका वापरकर्त्याने तक्रार केली की ‘किनाऱ्यावर’ हा शब्द शोधला तर त्याच्या संग्रहातले निम्मेच लेख सापडतात. दोन रात्री घालवून मी दोष शोधला, तो माझ्याच पहिल्या पायरीत निघाला, आणि मी दुरुस्ती लिहिली. मग चाचणी लिहायला घेतली. ‘दऱ्या’ दिले असता ‘दऱ्या’ यावे, असे मी टंकले, त्यातले पहिले जोडकाचे आणि दुसरे ०९३१चे. पडद्यावर दोन्ही शब्द एकसारखे दिसत होते. ही ओळ आपण कुठेतरी वाचली आहे, असे वाटून माझा हात थांबला.

त्यानंतर मी त्या जुन्या संभाषणाकडे कितीतरी वेळा परत गेले. माझे काय चुकले होते? उद्धटपणा केला होता हे तर उघडच आहे, पण तेवढ्यावर मी स्वतःला सोडू शकत नव्हते. रिव्ह्यू करणाऱ्यांना सर्वत्र दिला जाणारा सल्ला असा असतो की आज्ञा देऊ नका, प्रश्न विचारा. मी प्रश्नच तर विचारला होता. ‘हे आकडे कुठून आले?’ या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण त्यात विचारणा नाही. घरात चिखलाची पावले दिसली की ‘ही पावले कुणाची?’ असे आई विचारते, तेव्हा तिला माहिती हवी नसते. माझ्या प्रश्नाचा सूर तोच होता. उत्तर ऐकायची तयारी असल्याशिवाय वाक्याला नुसते प्रश्नचिन्ह जोडले तर तो आज्ञेपेक्षाही वाईट प्रकार होतो, कारण आज्ञेला निदान ‘नाही’ म्हणता येते.

मराठीने या कामासाठी किती सोयी करून ठेवल्या आहेत, हे मला त्यानंतर दिसू लागले. ‘हे समजत नाही’ असे लिहिले की दोष समोरच्याच्या लिखाणाला लागतो. ‘मला हे समजले नाही’ असे लिहिले की न समजण्याची जबाबदारी माझ्याकडे येते, आणि समोरच्याला खुलासा करायला जागा मिळते. ‘तुम्ही इथे चुकलात’ आणि ‘इथे चुकले आहे’ यांत एका सर्वनामाचा फरक दिसतो, पण पहिल्या वाक्यात माणूस उभा आहे आणि दुसऱ्यात फक्त ओळ. कर, करा, करावे, करता येईल का, करून पाहू या, अशी क्रियापदाची उतरंडच आपल्याकडे आहे. यातले ‘करावे’ मला आता फारसे आवडत नाही, कारण त्यात सरकारी परिपत्रकाचा वास येतो. ‘करून पाहू या’ मात्र फुकट वापरण्यासारखे नाही. ते लिहिले की खरोखरच बरोबर बसून करावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगायची तर, त्या व्यक्तीविषयी मी या लेखात ‘त्यांनी’ असे लिहीत आले आहे ते केवळ आदरापोटी नव्हे. तो की ती, हे मला आजही ठाऊक नाही. मराठी क्रियापदाला लिंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि आदरार्थी बहुवचन ही त्यातून सुटण्याची जुनी, सभ्य वाट आहे.

तिरकस बोलणे हा आम्हा कोकणी माणसांचा स्वभाव आहे, असे म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. आमच्याकडे कौतुकसुद्धा सरळ करत नाहीत. पावसाळ्यात आंब्याची कलमे बांधायचे काम चालते, तेव्हा शेजारचा मुलगा शिकायला काकांकडे येत असे. त्याने बांधलेली गाठ पाहून काका म्हणत, ‘कलम बांधलंस की जखमेला पट्टी?’ ऐकणारे सगळे हसत, तो मुलगाही हसे. पण काका तेवढे बोलून थांबत नसत. ते खाली बसत, पट्टी सोडत, खुंटाचा आणि काडीचा काप एकमेकांना कुठे भिडत नाही ते बोटाने दाखवत, त्याच्याकडून पुन्हा बांधून घेत, आणि मग त्याला चहाला ओटीवर घेऊन येत. बोलणे तिरके असले तरी बसणे सरळ होते. मी लिहिलेल्या त्या दोन वाक्यांत तिरकेपणा तेवढा होता. काकांचा चेहरा, जमिनीवरची बैठक आणि चहा यांपैकी काहीच कोडच्या ओळीखालच्या चौकटीत येत नाही. विनोद करायचा झाल्यास तो स्वतःच्या चुकीवर करावा, एवढाच नियम मी तेव्हापासून पाळते.

या क्षेत्रात कठोर बोलण्याला बराच काळ एक प्रतिष्ठा होती, हेही नोंदवले पाहिजे. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या झणझणीत ईमेलांची उदाहरणे तरुण प्रोग्रॅमर चवीने सांगत, आणि गुणवत्ता राखायची तर असेच बोलावे लागते, असा त्यातून निष्कर्ष काढत. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच अशा ईमेलांबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामापासून दूर राहिले. त्याच वेळी लिनक्स कर्नेलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, नवी आचारसंहिता स्वीकारली. कर्नेलचा दर्जा त्यामुळे घसरला, असे काही झाले नाही. सदोष पॅच, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्त्या, आधीही परत जात होते आणि आजही जातात. मला वाटते, कठोरपणा आणि काटेकोरपणा यांची आपण उगाच गाठ मारली होती. माझ्या प्रकरणात तर मी कठोर होते आणि काटेकोर अजिबात नव्हते. काटेकोर असते तर त्या क्रमांकांचा अर्थ युनिकोडच्या तक्त्यात पाहिला असता. त्याला दोन मिनिटे लागली असती.

उलट बाजूने, जे सोपे असते त्यावर आपण किती बोलतो! व्हेरिएबलचे नाव असे का, कंस या ओळीत का नाही, इथे मोकळी जागा दोन घरांची का, यावर वीस-वीस टिपणे पडलेली मी पाहिली आहेत, आणि पाडलीही आहेत. या प्रवृत्तीला प्रोग्रॅमर मंडळींत सायकलच्या शेडचे नाव आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेली समिती अणुभट्टीचा आराखडा झटक्यात मंजूर करते, कारण तो कुणाला कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर लांबलचक वाद घालते, कारण शेड सगळ्यांनाच कळते. १९९९ मध्ये पौल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीच्या प्रकल्पातल्या अशाच एका वादात हा दाखला दिला आणि तो या व्यवसायाच्या बोलीत कायमचा रुजला. इकडे देवळाच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा खर्च दहा मिनिटांत मंजूर होतो आणि मांडवाच्या पडद्याचा रंग रात्री बारापर्यंत ठरत नाही, ते पाहिलेल्यांना निराळे समजावण्याची गरज नाही.

यावर एक व्यावहारिक उपाय आहे. गूगलने आपल्या अभियंत्यांसाठी केलेली रिव्ह्यूची मार्गदर्शिका सर्वांना वाचायला खुली आहे, आणि तिच्यात असे सुचवले आहे की किरकोळ सूचनेआधी ‘निट’ असा शब्द लिहावा, म्हणजे ती मानली नाही तरी चालेल हे लिहिणाऱ्याला कळते. निट म्हणजे लीख. उवांच्या लिखा वेचण्याइतके बारीक काम, असा त्याचा अर्थ. आम्ही आमच्या प्रकल्पात त्याऐवजी ‘बारीकसारीक’ असे लिहितो. याने भांडणे किती कमी झाली ते मोजलेले नाही, पण माझ्यापुरता एक फायदा झाला. हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते की ही सूचना खरोखर लिहिण्याजोगी आहे का, आणि बहुतेक वेळा मी ती पुसून टाकते. मोकळ्या जागा आणि कंस यांची तपासणी तर आता यंत्राकडेच सोपवली आहे. यंत्राने चूक काढली तर कुणाला अपमान वाटत नाही. त्याच मार्गदर्शिकेतला दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो: परिपूर्ण कोड असा नसतोच, तेव्हा बदलामुळे एकूण स्थिती निश्चित सुधारत असेल तर तो अडवून धरू नये. मी मात्र अनेकदा ‘मी असे लिहिले नसते’ यालाच दोष समजून बसले होते.

रिव्ह्यू घेणाऱ्या बाजूने काय वाटते, ते मला वादळाने शिकवले. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडच्या बागाही त्याने झोपवल्या. आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या पडल्या, घराची कौले गेली, आणि वीज तीन आठवड्यांहून अधिक काळ आली नाही. वादळाच्या आदल्या आठवड्यात मी परदेशातल्या एका प्रकल्पाला पॅच पाठवला होता, आणि त्यावर काही प्रश्न आले होते. जुलैत मोबाइलला धड रेंज आली तेव्हा पाहिले, तर चौदा दिवसांत उत्तर न आल्याने रस नाही असे समजून एका स्वयंचलित प्रोग्रॅमने तो बंद केला होता. माणसाने नव्हे, यंत्राने. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, त्या लोकांकडे अशा शेकडो विनंत्या पडून असणार. तरीही ‘रस नाही’ हे शब्द वाचताना डोक्यावर ताडपत्री होती आणि ती वाऱ्याने फडफडत होती. मी तो पॅच पुन्हा उघडला नाही. आमच्या प्रकल्पात उत्तर आले नाही तर आम्ही महिन्याने एकदा विचारतो, आणि ‘घाई नाही, जमेल तेव्हा पाहा, हवे असल्यास उरलेले आम्ही पुरे करू’ असे लिहितो. पुष्कळदा लोक दुसऱ्या पर्यायाला होकार देतात. त्यांनाही बरे वाटते आणि काम तडीस जाते.

सौजन्याचे हे सारे मेंटेनरने एकट्याने पाळायचे, असे मात्र मला म्हणायचे नाही. मार्च २०२४ मध्ये उघड झालेले एक्सझेड या लायब्ररीचे प्रकरण या दृष्टीने अस्वस्थ करणारे आहे. अनेक लिनक्स प्रणालींत वापरली जाणारी ती लायब्ररी प्रत्यक्षात एकच माणूस सांभाळत होता. काम मागे पडते आहे, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या, अशी टोचणी अनोळखी खात्यांवरून त्याला लावली गेली, आणि आपली मनःस्थिती ठीक नसल्याचे त्याने सांगितल्यावरही ती थांबली नाही. त्याच काळात एक जण मदतीला आला. तो चिकाटीचा होता आणि सौजन्याने वागणारा होता. दोन-अडीच वर्षांत विश्वास कमावून त्याने त्या लायब्ररीत चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला, आणि तो त्याने सोडला नाही, म्हणून ती सापडली. माणसाच्या गोड बोलण्यावरून त्याच्या कोडची परीक्षा होत नाही. ती ओळी वाचूनच करावी लागते, आणि ओळी वाचायला थकलेला, डिवचलेला माणूस पुरत नाही. माझ्याकडे ‘अजून किती दिवस?’ अशी विचारणा आली की मला त्या माणसाची आठवण होते, आणि मी कुणाला अशी विचारणा करायला गेले तरीही होते.

आता त्या चाचणीकडे परत येते. हात थांबला त्या रात्री मी माझी दुरुस्ती तशीच पुढे नेली आणि मर्ज केली, म्हणजे मुख्य कोडात मिळवली, कारण वापरकर्ता खोळंबला होता. नंतर जुन्या, बंद झालेल्या पुल रिक्वेस्टखाली, म्हणजे जिथे हेटाळणी केली होती तिथेच, लिहिले. खाजगी निरोप पाठवता आला असता, पण टीका चव्हाट्यावर आणि माफी कानात, हे बरे दिसले नसते. तुमची चाचणी बरोबर होती, दोन शब्दांतले आकडे वेगळे आहेत हे मी पाहिलेच नाही, तुमच्या सहा महिन्यांनंतर मला तोच दोष सापडला, असे लिहिले. ‘गैरसमज झाला असल्यास’ हे शब्द आधी लिहिले होते, ते खोडले. गैरसमज त्यांचा झाला नव्हता. शेवटी, मी सर नाही, हेही लिहिले.

बारा दिवस काही आले नाही. मग एका संध्याकाळी, हर्णैच्या लिलावातून आणलेले बांगडे ओट्यावर साफ करायचे पडले असताना, फोन वाजला. माफीविषयी त्यांनी एक अक्षर लिहिले नव्हते. माझी नवी दुरुस्ती वाचून, तिच्या सातव्या ओळीखाली त्यांनी टीप टाकली होती: ‘मला एक समजले नाही. पुढे य असेल तरच र बदलला आहे. तऱ्हा, वऱ्हाड, कऱ्हाड यांतला ह मुद्दाम वगळला आहे का? काही कारण असेल तर जाणून घ्यायला आवडेल.’

मुद्दाम वगळला नव्हता. ह मला सुचलाच नव्हता. त्यांचा जुना पॅच काढून पाहिला, त्यात तो होता. माझी दुरुस्ती मागे घेतली आणि त्यांची लावली. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रॅममध्ये बदल लिहिणाऱ्याचे नाव आणि तो दाखल करणाऱ्याचे नाव वेगवेगळे नोंदवता येते. लेखकाच्या जागी त्यांचे नाव ठेवले, दाखल करणारी म्हणून माझे. त्या क्रमांकांशेजारी खुलाशाची एक ओळ असावी असे मला वाटत होते, तेव्हा ती घालू का, असे त्यांना विचारले. त्यांनी होकार दिला, आणि उदाहरण म्हणून ‘दऱ्या’ऐवजी ‘किनाऱ्यावर’ घ्यावे, असे सुचवले. पुढे कंसात लिहिले होते: बारीकसारीक.